मागच्या गेटची बातमी

लेक शिकायला बंगळूरला गेली आणि तिची सायकल आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये एकटी पडली. सहा-सात महिने मी रोज सकाळी तिच्याकडे एक नजर टाकून रिक्षा पकडायला धावायचे. मी ठाण्यात नौपाड्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करते. उपाशीपोटी तपासणीला आलेले लोक सातच्या आधीच दारात उभे असतात, त्यामुळे मला उशीर करून चालत नाही. आणि माजिवड्याहून त्या वेळेला रिक्षा मिळणं म्हणजे नशिबाचा भाग.

एके दिवशी तीन रिक्षावाल्यांनी एकापाठोपाठ एक मान हलवली. त्याच संध्याकाळी मी सायकल हाताने ढकलत पंक्चरवाल्याकडे नेली. त्याने दोन्ही ट्यूब बदलल्या, चेनला तेल दिलं आणि विचारलं, ताई, चालवणार कोण? मी म्हटलं, मी. त्याने सीट दोन बोटं खाली घेतली.

लहानपणी डोंबिवलीजवळ कोपरला असताना मी वडिलांच्या सायकलवर हाफ पायडल मारत शिकलेले. त्याला आता चाळीस वर्षं झाली असतील. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला कॉलनीच्या गेटातून बाहेर पडले आणि शंभर पावलांत कळलं की शरीर काहीच विसरलेलं नाही. विसरलं होतं ते फक्त मन. उतारावर पायडल थांबवलं आणि चाक नुसतं सुळसुळत राहिलं, तेव्हा मी रस्त्यात एकटीच हसले. पन्नाशीची बाई, पाठीला डब्याची सॅक, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली. कोणी पाहिलं असतं तरी मला काही वाटलं नसतं.

भीती एकाच ठिकाणी वाटायची, माजिवड्याच्या नाक्यावर. वरून पूल, खालून ट्रक, चारी बाजूंनी वळणारे टेम्पो. तिथे मी सायकलवरून उतरायचे आणि हाताने ढकलत, बसच्या आडोशाने, जीव मुठीत धरून पलीकडे जायचे. पलीकडे गेलं की पुन्हा राणी.

लॅबमध्ये पोचले की लेकीला मोबाइलवर सगळं बोलून पाठवायचे. आज कुठे खोदलंय, कुठे पाण्याची लाइन फुटलीय, कुठल्या कोपऱ्यावरचा कुत्रा अंगावर येतो, सर्व्हिस रोडवरचा बहावा कसा पिवळाधमक फुललाय. एक दिवस तिचा फोन आला. म्हणाली, "आई, हे माझ्या एकटीला कशाला सांगतेस? मी काय तिथे सायकल चालवायला येणार आहे का? लिही कुठेतरी, लोकांना उपयोग होईल."

तिने फोनवरूनच सांगत सांगत मला एक फुकटचं वेबपान उघडून दिलं. एका रविवारी दुपारी मी त्याला नाव दिलं, 'आजचा रस्ता', आणि पाच ओळी लिहिल्या. मोबाइलवर मराठी टाइप करायला मला तासभर लागला. शेवटी 'प्रकाशित करा' असं निळं बटण होतं. त्यावर बोट ठेवताना माझं काळीज जे धडधडलं, ते रक्त घेताना पहिल्यांदा शीर सापडली त्या दिवशी धडधडलं होतं तेवढंच. बटण दाबलं. मग स्वतःच उघडून वाचलं. मग नवऱ्याला वाचायला लावलं. त्याने वाचलं आणि म्हणाला, कुत्र्याचं खरं आहे, मलाही भुंकतो.

सुरुवातीला वाचक तिघंच होते. लेक, नवरा आणि कोपरला राहणारी माझी मोठी बहीण. बहीण तर सकाळी फिरायला जाणाऱ्या तिच्या बायकांना मोठ्याने वाचून दाखवायची. डोंबिवलीच्या त्या बायकांना माजिवड्याच्या खड्ड्यांशी काय देणंघेणं होतं कोण जाणे, पण एखाद्या दिवशी मी लिहिलं नाही तर त्या चौकशी करायच्या. हळूहळू आमच्या कॉलनीतले, लॅबमध्ये येणारे, त्यांच्या ओळखीचे असे लोक वाचायला लागले. आज डावीकडून जा, उजवीकडे चिखल आहे, एवढंच लिहिलेलं असायचं. पण संध्याकाळी कोणीतरी लिफ्टमध्ये म्हणायचं, बरं झालं सांगितलंत, आणि माझा दिवस सोन्याचा व्हायचा.

आता मागच्या गेटाचं सांगते. आमची सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे, तिच्या मागे जुनं गावठाण आहे. पोर्तुगीजांच्या काळापासूनची ख्रिस्ती कुटुंबं तिथे राहतात, पूर्वी भात आणि भाजी पिकवणारी. आमच्या मागच्या भिंतीत एक छोटं लोखंडी गेट आहे. गावातली माणसं त्यातून आमच्याकडच्या बसस्टॉपवर यायची आणि आम्ही त्यातून गावात जायचो. गावातल्या त्या बोळातून सरळ गेलं की माणूस नाका टाळून थेट पलीकडच्या रस्त्याला लागतो. म्हणजे हे गेट उघडं असेल तर मला नाक्यावर पायसुद्धा ठेवावा लागणार नव्हता. पण वर्षभरापासून त्याला साखळी आणि कुलूप होतं. वॉचमनला विचारलं, तर तो म्हणाला की उघडायचं नाही, असं चेअरमनसाहेबांनी सांगितलंय.

आमचे चेअरमन निवृत्त इंजिनीअर. उंच, शिस्तीचे, बोलणं पुण्याच्या वळणाचं. कोणी पार्किंगमध्ये गाडी तिरकी लावली तरी चिठ्ठी लिहिणारे. मला ते कधी फारसे आवडले नव्हते. मी त्या गंजलेल्या कुलपाचा फोटो काढला आणि पानावर लिहिलं की गावातल्या लोकांनी आपल्या आवारातून चालू नये म्हणून आमच्या चेअरमनांनी हा रस्ता बंद केला आहे. शब्दही झणझणीत वापरले. गाव आपल्या आधीचं, आपण पाहुणे, आणि पाहुण्यांनीच दाराला कुलूप लावलं, असं काहीतरी. लिहिताना मला इतका जोर चढला होता की एकदाही चुकीचं अक्षर उमटलं नाही.

त्या दिवशी जे झालं ते मी कधी अनुभवलं नव्हतं. वाचणाऱ्यांचा आकडा पान उघडावं तितक्यांदा वाढलेला दिसायचा. कॉलनीच्या ग्रुपवर गेलं, शेजारच्या कॉलनीच्या ग्रुपवर गेलं, बहिणीकडे डोंबिवलीत फिरून आलं. खाली लोक लिहीत होते, शाब्बास, असंच पाहिजे, नाव टाका यांचं. लॅबमध्ये एका पेशंटने दंड पुढे करत विचारलं, त्या गेटवाल्या तुम्हीच का? मी हो म्हटलं. त्या आठवड्यात माझे पाय जमिनीवर नव्हते. कोणीतरी माझ्या लिहिण्याचा कागद छापून नोटीस बोर्डावर लावला, तोही मी येता-जाता बघून घ्यायचे. चेअरमन मात्र गप्प होते. समोर दिसले की नमस्कार करायचे आणि पुढे जायचे. मला वाटलं, उत्तर नाही म्हणून गप्प आहेत.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी आणखी एक फोटो काढायला गेटाशी गेले. पलीकडे एक म्हातारे गृहस्थ जुन्या काळ्या सायकलला टेकून उभे होते. हाफ पँट, डोक्याला टोपी, सायकलच्या कॅरिअरला दोरीने बांधलेली पालेभाजीची टोपली. गावातलेच होते. त्यांना मी येता-जाता पाहिलेलं, पण कधी बोलले नव्हते.

"लिवणारी तूच काय?" त्यांनी विचारलं.

मी खुशीत हो म्हटलं. मला वाटलं, आभार मानतील.

"माज्या सुनेनं वाचून दाखवलं. पोरी, तू लिवलंस ते खोटं हाय. ही साखल माजी हाय. चावी माज्या घरात हाय."

मग गेटाच्या गजांमधून त्यांनी मला सगळं सांगितलं. त्यांची बायको वर्षानुवर्षं याच गेटातून आमच्या कॉलनीत भाजी घेऊन यायची. मला एकदम आठवली ती, ठेंगणी, हसरी, लाल माठाच्या जुड्या पाण्याने शिंपडून मांडणारी. सगळे तिला आंटी म्हणायचे. ती यायची बंद झाली तेव्हा आम्ही म्हटलं होतं, वय झालं असेल. पण तसं नव्हतं. नाका टाळायला मोटारसायकलवालेही या गेटातून सुसाट जायला लागले होते. त्यातल्या एकाने आंटीला उडवलं. कमरेचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, चार महिने ती अंथरुणात होती. अंकलनी, म्हणजे या गृहस्थांनी, स्वतः चेअरमनांकडे जाऊन सांगितलं की गेट बंद करा. आणि मोटारसायकलवाला आमच्याच सोसायटीतला होता. तो आंटीच्या पाया पडला, रोज हॉस्पिटलात गेला. त्याची बायको तेव्हा पोटुशी होती. आंटीनेच अंकलना आणि चेअरमनांना बजावलं की त्याचं नाव कुठे काढायचं नाही. चेअरमनांनी तो शब्द पाळला होता. माझ्या लिहिण्याने अख्ख्या कॉलनीने त्यांना तोंडावर आणि पाठीमागे बोल लावले, तरीही पाळला होता.

मी तिथेच कट्ट्यावर बसले. मी अंदाज केला होता आणि तो खरा म्हणून लिहिला होता. लॅबमध्ये असं केलं असतं तर माझी नोकरी गेली असती.

घरी न जाता मी थेट चेअरमनांची बेल वाजवली. त्यांनी दार उघडलं, आत बसवलं, पाणी दिलं. मला सुरुवात कशी करावी कळेना. सरळच सांगितलं की मला आत्ताच खरं काय ते कळलं, मी चुकले, मी ते सगळं पानावरून काढून टाकते.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही विचारलं असतंत तर मी काहीतरी सांगितलं असतं," ते म्हणाले. "सगळं नसतं सांगता आलं. पण तुम्ही विचारलंच नाहीत."

मी म्हटलं, हो, विचारायला हवं होतं.

"आणि काढून टाकू नका. लोकांच्या डोक्यातून ते जाणार आहे का? त्याच्याच वर खरं लिहा. मोठ्या अक्षरात." मग थांबून म्हणाले, "आणि 'विरुद्ध' शब्दात तुम्ही ध नुसता लिहिला आहे. द आणि ध जोडून येतात."

दुसऱ्या दिवशी मी गावात जाऊन आंटीला भेटले. ती वॉकर धरून अंगणात फेऱ्या मारत होती. मी काय लिहिणार ते तिला वाचून दाखवलं, परवानगी घेतली. मग त्याच पानाच्या वर मोठ्या अक्षरात लिहिलं की खाली मी जे लिहिलं ते चूक आहे. एका माणसाला इजा झाली म्हणून गावाच्या विनंतीवरून गेट बंद केलं. चेअरमनांनी समजूतदारपणा दाखवला आणि मी न विचारता त्यांच्यावर आरोप केला. गाडीवाल्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. निळं बटण दाबण्याआधी या वेळी चार वेळा वाचून पाहिलं. आणि नोटीस बोर्डावरच्या कागदाशेजारी हाही कागद मी स्वतः नेऊन लावला.

अर्थात, हे वाचायला तेवढी माणसं आली नाहीत. पण जी आली त्यांत कल्याणचा एक वेल्डिंगवाला होता. त्याने खाली लिहिलं की गेट बंद ठेवायची गरज नाही. आमच्या भागात एका गल्लीच्या तोंडाला मी दोन आडव्या रेलिंग बसवून दिल्यात. एक डावीकडून अर्धी, एक उजवीकडून अर्धी, मध्ये नागमोडी वाट. माणूस आरामात जातो. सायकलचं मागचं चाक जरा उचललं की तीही वळते. मोटारसायकल उचलता येत नाही, म्हणून ती जात नाही. येऊन बघा.

मी ते तीनदा वाचलं आणि बहिणीला फोन लावला. ती म्हणाली, अगं, मग वाट कसली बघतेस, रविवारी ये.

त्या रविवारचं काय सांगू! पहाटे निघाले. हायवेच्या कडेकडेने मानकोलीला गेले आणि तिथून खाडीवरच्या नव्या पुलावर चढले. हा पूल होईपर्यंत ठाण्याहून डोंबिवलीला रस्त्याने जायचं म्हणजे मोठा वळसा होता. सायकलवर तर मी स्वप्नातही आणलं नसतं. पुलाच्या मध्यावर थांबले. खाली पाणी संथ, कडेला तिवरांची हिरवी रांग, एक होडी जाळं टाकत होती. ज्या गावात मी सायकल शिकले, तिथे मी ठाण्याहून स्वतःच्या पायांनी सायकल मारत चालले होते. मी लेकीला फोन लावला. ती झोपेत होती. तिला म्हटलं, काही नाही, वारा ऐक नुसता, आणि फोन कठड्यावर धरला.

कोपरला बहीण तयारच होती, शेजारणीची सायकल मागून, भाच्याचं हेल्मेट घालून. तिच्या दोघी मैत्रिणीसुद्धा खाली आलेल्या, मला बघायला. आम्ही दोघी ठाकुर्लीच्या रस्त्याने, पत्रीपुलावरून कल्याणला गेलो. ती अठ्ठावन्नची, मी पन्नासची. पत्रीपुलाच्या चढावर ती उतरली आणि म्हणाली, दम नाही लागला, नुसती बघतेय. मीही उतरून बघितलं.

वेल्डिंगवाला आमची वाट बघत होता. गल्लीच्या तोंडाशी त्याचं ते काम होतं, पिवळ्या रंगाचं, साधं. मी सायकल आत घातली, मागचं चाक उचललं, वळवलं आणि पलीकडे निघाले. पुन्हा परत आले. पुन्हा गेले. बहीणही गेली. त्याने स्वतःची मोटारसायकल आणून दाखवली, ती पहिल्या वळणातच अडली. आम्ही टेपने मापं घेतली, मी ती वहीत लिहिली, फोटो काढले. त्याने चहा पाजला आणि म्हणाला, तुम्ही चूक कबूल केलेली वाचली म्हणून लिहिलं, नाहीतर मी भांडणात पडत नाही.

सोसायटीच्या बैठकीत मी फोटो दाखवले. आक्षेप आलेच. चोर येतील, भटकी कुत्री येतील, एकदा उघडलं की बंद होणार नाही. चर्चा तापायला लागली तेव्हा चेअरमन उठले आणि म्हणाले, ज्यांच्या घरी इजा झाली त्यांचं आधी ऐकू. त्यांनी अंकलना मुद्दाम बोलावलं होतं. अंकल इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या खुर्चीवर बसले होते. ते पुढे आले आणि खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"ही चावी," ते म्हणाले. "बायकोला इचारून आणलीय. ती बोलली, माज्यामुलं कोनाचा रस्ता बंद नको."

चेअरमनांनी मत घेतलं. हात वर झाले.

रेलिंग गावातल्याच वेल्डरने बनवली, कल्याणच्या मापावरून. बसवली त्या संध्याकाळी आम्ही सगळे जमलो. माझी सायकल गेली. शहात्तर वर्षांच्या अंकलनी आपली ती जडशीळ सायकल मागून अशी उचलली, की जणू टोपलीच आहे. तीही गेली. मग आंटी वॉकर घेऊन आली आणि दुसऱ्या वळणावर अडकली. आम्ही कोणी वॉकरचं माप घेतलंच नव्हतं. माझा चेहरा पडला. आंटी मात्र हसायला लागली. वेल्डरने तिथल्या तिथे खडूने खूण केली. चेअरमन गुडघ्यावर बसून टेप धरत होते, आकडे मोठ्याने सांगत होते आणि आंटीला पुन्हा पुन्हा सांगत होते की आता जरा डावीकडे, आता जरा मागे. दुसऱ्या दिवशी रेलिंग वीतभर सरकवली. मोटारसायकल तरीही अडत होती, आणि आंटी न थांबता इकडून तिकडे आली. मग तशीच परत गेली. मग पुन्हा आली. टाळ्या कोणी सुरू केल्या आठवत नाही. आमच्या बाजूने वाजत होत्या आणि गावाच्या बाजूनेही.

आंटीला उडवणारा तो गृहस्थही आला होता, लेकराला कडेवर घेऊन, मागे उभा. तिने त्याला हाक मारली आणि बाळाला जवळ घेतलं. कोणाला काही कळलं नाही. ज्यांना कळलं ते गप्प राहिले.

हे सगळं मी पानावर लिहिलं, त्या गृहस्थाला वगळून, पण आधी मजकूर चेअरमनांना दाखवला. आता ते माझं सगळंच आधी वाचतात. अनुस्वार आणि वेलांट्या लाल पेनाने सुधारून परत देतात, आणि कधीकधी समासात लिहितात, हे तुम्ही स्वतः पाहिलं का? बहीण डोंबिवलीचा रस्ता लिहिते, तिच्या मैत्रिणी फोटो काढतात. अंकलची सून गावातल्या बातम्या पाठवते. एकटीने पाच ओळी लिहायचे, तिथे आता आमची भांडणं होतात की आधी कोणाचं टाकायचं.

गेट उघडल्यानंतरची पहिली सकाळ मला विसरता येणार नाही. सव्वासहाला निघाले, रेलिंगमध्ये मागचं चाक उचललं आणि गावाच्या बोळात शिरले. फरशी पुसणाऱ्या बायका, क्रुसापाशी ठेवलेली ताजी फुलं, कुठेतरी भाकरीचा वास. कोणी मान वर करून हात केला, मी घंटी वाजवली. आणि बोळ संपला तर समोर पलीकडचा रस्ता, मोकळा. नाका मागे राहिला होता. त्याचा आवाज तेवढा येत होता. मी पायडलवर उभी राहून सायकल मारली. लॅबला पोचले तर सात वाजायला पंधरा मिनिटं होती आणि दार अजून उघडायचं होतं.

दारात उपाशीपोटी आलेली एक आजी बसलेली होती, नेहमीची. तिने विचारलं, एवढी घामाघूम का, आणि हसतेस कशाला? मी दार उघडलं, हात धुतले, तिला खुर्चीत बसवलं, दंडाला पट्टा बांधला आणि सांगायला लागले. सुई हातात तशीच राहिली. मागे आणखी दोघं-तिघं येऊन उभे राहिले होते. मला भान आलं, मी म्हटलं, थांबा, आधी रक्त घेते.

आजी म्हणाली, "रक्त कुठे पळून जातंय. वॉकर अडकला, मग पुढे काय झालं ते सांग."